वाईत घाट मिळतो, नदीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: हिंदी वेबमालिकेचं चार दिवसांचं आउटडोअर वाई-मेणवलीला, फेब्रुवारीत. युनिट साठ माणसांचं. बहुतेक दृश्यं आजच्या उत्तर प्रदेशातल्या एका कसब्यातली, अर्धा दिवस पेशवाईतला फ्लॅशबॅक. एक बालकलाकार, एक होडी. परवानग्या कुणाच्या घ्यायच्या, लाइट-जनरेटरचं गणित काय आणि पैसे नेमके कुठे सांडतात?

परवानग्यांचं खाली येईलच, पण वाईत आधी पंचांग उघडायचं. फेब्रुवारी म्हणजे माघ-फाल्गुन. याच दिवसांत वाईच्या घाटाघाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. ज्या घाटाची पाळी असेल तिथे मांडव, माईक, कीर्तन, जेवणावळी. तो घाट तुम्हाला पैसे मोजूनही मिळणार नाही, आणि मागूही नये. शेजारच्या घाटावर कॅमेरा लावलात तरी लाउडस्पीकर तुमच्या साउंडमध्ये शिरणारच. शिवाय माघी गणेश जयंती, महाशिवरात्र आणि संकष्टी: ढोल्या गणपतीच्या देवळासमोर या दिवशी फ्रेम मोकळी मिळण्याची आशाच सोडा. म्हणून घाटवार उत्सवाच्या तारखा स्थानिक मंडळींकडून लिहून घ्या आणि त्या कॅलेंडरवर खोडून टाका. शनिवार-रविवारही खोडा, कारण महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी वाईतूनच वर चढते. युनिट पाचगणीला उतरवलंत तर अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण पसरणी घाटात रविवारी एखादी बस बंद पडली की मेकअपची गाडी तासभर वर आणि कॅमेरा खाली, असं होतं. तारखा सरकवता येत असतील तर दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे सोमवार ते गुरुवार हे वाईचे सगळ्यात शहाणे दिवस. पौष पौर्णिमेची मांढरदेवची यात्रा आणि रंगपंचमीचं बावधनचं बगाड हे दोन दिवस रस्ते आणि पोलीस दोन्ही तिकडे असतात, तेव्हा त्या बाजूला फिरकूच नका.

आता नदी. रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला, आलेला दिग्दर्शक काठोकाठ भरलेली कृष्णा बघून शॉट ठरवतो आणि महिन्याभराने युनिट येतं तेव्हा खालच्या चार पायऱ्या उघड्या, त्यावर वाळलेलं शेवाळ आणि प्लॅस्टिक. वाईच्या वर धोमचं धरण आहे. पावसाळा संपला की घाटाला पाणी किती, हे धरणातून नदीत काय सोडलंय आणि खालच्या बंधाऱ्यांत किती अडवलंय यावर ठरतं. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन आवर्तन, म्हणजे पाळीने पाणी सोडणं, कधी सुरू आणि कधी बंद, एवढं विचारून ठेवायचं. तुमच्यासाठी कुणी पाणी सोडणार नाही. पण चार दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी पातळी बदलणार असेल तर ते आधी कळलेलं बरं.

कळलं की काय करायचं? पायऱ्या मोजायच्या. पहिल्या दिवशी पहिला शॉट लागायच्या आधी, एखाद्या ठळक खुणेपासून, म्हणजे देवळाच्या जोत्यापासून किंवा दगडातल्या एखाद्या कोनाड्यापासून, पाण्यापर्यंत किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजून क्लॅपसकट फोटो काढा. रोज सकाळी तोच फोटो, त्याच जागेवरून. पाणी एक पायरी चढलं किंवा उतरलं की मास्टर (पूर्ण दृश्याचा शॉट) आणि क्लोज मॅच होत नाहीत, आणि हे एडिटवर दिसतं, मॉनिटरवर नाही. उतरलेल्या पाण्याने दगडावर ओला काळा पट्टा सोडलेला असतो. तो उन्हात अर्ध्या तासात वाळतो, म्हणजे एकाच दृश्यात पट्टा आहे-नाही-आहे असं होतं. उपाय साधा: पाण्याजवळची दृश्यं एका घाटावर एकाच दिवसात संपवा. वाइड पहिल्या दिवशी, क्लोज तिसऱ्या दिवशी, असं शेड्यूल कलाकारांच्या तारखांसाठी लावलं जातं आणि मग नदीला शिव्या दिल्या जातात.

होडीचा शॉट असेल तर पायऱ्या संपतात तिथे पुढे गाळ आहे की डोह, हे काठावरून कळत नाही. बांबू टाकून खोली मोजा. लाइफ जॅकेट कपड्यांच्या आत बसेल असं पातळ घ्या. पट्टीचे पोहणारे स्थानिक दोघं पाण्यात आणि एक दोरासकट काठावर. कलाकाराला पोहता येतं का, हे मॅनेजरला विचारून चालत नाही, कलाकारालाच विचारा.

उजेडाचं सांगायचं तर फेब्रुवारीच्या मध्यावर वाईत सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त साधारण साडेसहाच्या पुढे. सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, पाऊण वाजून गेल्यावर. "बारा ते दोन जेवण-विश्रांती" असं मुंबईच्या सवयीने टाकलंत तर सर्वांत वाईट उजेडाचा मधला भाग टळतो, पण दोन वाजता उभे राहाल तेव्हाही डोळ्यांखाली सावल्याच. साडेबारा ते अडीच-पावणेतीन घाट सोडून द्या आणि त्या वेळात वाड्यातली किंवा गल्लीतली इनडोअर दृश्यं घ्या. संध्याकाळी मात्र कागदावरच्या सूर्यास्तावर विसंबू नका. पाचगणीचा डोंगर वाईहून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि या दिवसांत सूर्य नेमका त्याच अंगाला मावळतो. थेट ऊन सूर्यास्ताच्या पंधरावीस मिनिटं आधीच संपतं. त्यानंतर मिळतो तो मऊ, निळसर उजेड. तो सुंदर असतो, पण सोनेरी नसतो. स्क्रिप्टमध्ये "ढळत्या उन्हात" असेल तर कॅमेरा पाच वाजता रेडी हवा.

या घाटांचा दगड काळा बेसॉल्ट. पांढरं धोतर आणि कोरडा काळा दगड यांत तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक सहज पडतो. दगड ओला असेल तर आणखी. एक्स्पोजर चेहऱ्यावर धरलं की दगड काळोखात बुडतो, दगडावर धरलं की धोतर पांढरंफटक होतं. कॅमेरामनच्या गळ्यात हे घालण्याआधी कॉस्च्युमवाल्याला सांगा. सगळी पांढरी कापडं चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली की स्टॉपभर भांडण मिटतं. सगळ्यांना ओल्या पायऱ्या हव्या असतात, कारण ओला दगड चमकतो. टँकरचं पाणी मारायला हरकत नाही, पण पाण्यालगतच्या पायऱ्यांवरचं हिरवं शेवाळ आधी काथ्याने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच रिहर्सलला कुणाला तरी मोडलेलं मनगट घेऊन हाडांचा डॉक्टर गाठावा लागेल. कलाकाराच्या चपलेच्या तळाला रबर चिकटवून घ्या. कोल्हापुरी चप्पल ओल्या घडीव दगडावर बर्फासारखी घसरते. ट्रॉलीसाठी पायऱ्या सरळ दिसतात तशा नसतात, दोनशे-अडीचशे वर्षं झिजलेल्या आहेत. १८ मिलिमीटरचं प्लाय, लाकडी गुटके आणि दोन पोती पाचरी सेटिंगवाल्यांकडे असतील तर रूळ वीस मिनिटांत लागतात. नसतील तर तासभर दगड शोधत बसतात, आणि ते दगड घाटाचेच असतात. ते होऊ देऊ नका.

जनरेटर गल्लीत येणार नाही. गणपती आळीसारख्या जुन्या आळ्यांत छोटा टेम्पो कसाबसा वळतो, व्हॅनिटीचं तर नाव नको. म्हणजे जनरेटर मोठ्या रस्त्यावर आणि केबल शंभर-सव्वाशे मीटर. इथे हमखास चूक होते. २० अँपिअरचा लोड १२० मीटरवर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने नेलात तर जाऊन-येऊन सुमारे ३५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २३० चे १९५ उरतात. एचएमआय या उन्हासारखा उजेड देणाऱ्या दिव्याचा बॅलास्ट (वीज सांभाळणारी पेटी) कुरकुरतो, कधी दिवा पेटतच नाही, आणि सगळे म्हणतात लाइट खराब. तीच केबल १० स्क्वेअरची असेल तर पडझड ९ व्होल्टच्या आत राहते. भाड्याच्या यादीत फक्त "केबल १५० मीटर" लिहू नका, जाडी लिहा. दोन ४ किलोवॅटचे एचएमआय, काही एलईडी पॅनल, मॉनिटर आणि चार्जिंग मिळून बारा-तेरा किलोवॅटच्या पुढे जात नाही. एवढ्याला ६२.५ केव्हीएचा धूड कशाला? तीस केव्हीएचा सायलेंट पुरतो, कमी डिझेल पितो आणि कोपऱ्याआड लपतो. रात्रीचं दृश्य आणि पलीकडचा काठ उजळायचा असेल तरच मोठा मागवा. गल्ली ओलांडणाऱ्या केबलवर रबरी रॅम्प टाका. पहाटे स्नानाला येणारी म्हातारी माणसं त्याच वाटेने उतरतात.

वाईला उत्तर प्रदेश करणं नवीन नाही. 'गंगाजल'मध्ये (२००३) हा परिसर बिहार झाला, 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेश, आणि 'स्वदेस'मधलं (२००४) गाव म्हणजे मेणवली. पण प्रत्येक वेळी हीच फसवणूक खपेल असं धरून चालू नका. आता प्रेक्षक फ्रेम थांबवून बघतो. दुकानांच्या पाट्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यामुळे त्या बदलल्या जातातच. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, म्हणून कुणीतरी "चालेल हो" म्हणतं, आणि मग "किराणा व भुसार मालाचे व्यापारी" उत्तर प्रदेशात झळकतं. पाटीत "ळ" असेल तर तो लांबूनही ओळखू येतो. भिंतींवर रंगवलेल्या सिमेंटच्या आणि पतसंस्थांच्या जाहिराती, एसटीचा थांबा, टपरीवरचा वडापावचा बोर्ड, नंबरप्लेटवरचं एमएच: ही यादी आर्टवाल्याकडे असते.

निसटतं ते माणसांवरचं. स्थानिक बायका क्राउडमध्ये उभ्या केल्यात की गळ्यात काळ्या मण्यांची आणि दोन वाट्यांची मंगळसूत्रं असतात. ती काढायला सांगू नका, पदराखाली घ्यायला सांगा, किंवा त्या बायका तिसऱ्या रांगेत ठेवा. कपाळावर कुंकू आहे, भांगात सिंदूर नाही. पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, तिकडच्या कसब्यात वयस्क बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. साडी नेसवायला दोन जणी वेगळ्या ठेवा, तीस बायकांना अडीच तास लागतात. पुरुषांच्या डोक्यावरची गांधी टोपी हमखास राहून जाते, कारण ती इतकी अंगवळणी पडलेली असते की आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. देवळांत दीपमाळ फ्रेममध्ये आली तर खेळ संपला, तिला झाकायला झाड लावू नका, कोनच बदला. आणि दगड. गंगेकाठचे घाट पिवळट-गुलाबी वालुकाश्माचे, हे काळे. वाइड शॉटमध्ये ते लपत नाही. म्हणून घाटाचा एकच वाइड, तोही पहाटेच्या धुक्यात किंवा संध्याकाळी घ्या, बाकी सगळं गल्लीत आणि बाजारात. गल्ली जास्त खरी वाटते.

खोटी नंबरप्लेट फक्त दोर लावून बंद केलेल्या जागेतच, दुहेरी टेपने. गाडी चहा आणायला बाजारात तशीच गेली तर तो गुन्हा आहे. पोलिसांच्या वर्दीतले ज्युनिअर आर्टिस्ट आणि नकली पिस्तुलं यांचंही तेच. संख्या पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि वर्दीवर जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही सेटबाहेर सोडू नका.

फ्लॅशबॅकसाठी मेणवली बिनतोड आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, काठावरची देवळं. फक्त साल बघा. घाटावरची ती मोठी घंटा वसईची, १७३९ ची मोहीम चिमाजी अप्पांनी जिंकली तेव्हा हाती लागलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी. वाडा आणि घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. तुमची कथा सवाई माधवरावांच्या काळातली असेल तर सगळं जुळतं. शिवकालातली असेल तर यातलं काहीही दाखवता येत नाही. गंमत अशी, की १६५९ मध्ये अफझलखानाचा तळ वाईलाच होता, म्हणजे खरी घटना इथली आणि इथली एकही प्रसिद्ध वास्तू त्या दृश्यात चालत नाही! तसंच ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. तिथून लो अँगल सहसा कुणी घेत नाही. त्या बाजूने विजेच्या ताराही कमी येतात का, ते रेकीत बघून ठेवा. तारा काढून मिळत नाहीत. ज्या शॉटमध्ये त्या येणारच, तो ट्रायपॉडवर ठेवा आणि माणसांशिवायची दहा सेकंदांची क्लीन प्लेट घ्या. हलत्या शॉटमधून तारा पुसायचं बिल बघितलं की दिग्दर्शक पुढच्या वेळी स्वतःच ट्रायपॉड मागतो.

वाड्यात भित्तिचित्रं आहेत आणि लाकूडकाम जुनं आहे. खिळा नाही, स्क्रू नाही, भिंतीला टेप नाही. गॅफर टेप निघताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येतो. लाइट लटकवायचे तर जमिनीवरच्या स्टँडवरून आडवा पाइप, स्टँडच्या पायांखाली रबर. तापणारे टंगस्टन दिवे आत नेऊच नका, एलईडी पुरे. धूर हवाच असतो सगळ्यांना, खिडकीतून येणारी किरणं दिसायला. करवंट्या आणि धूप जाळून केलेला धूर भिंतीवर काजळी सोडतो, तो चित्रांच्या दालनात पूर्ण बंद. पाण्यावर चालणारा हेझर (धुक्याचं यंत्र) हाही चित्रांपासून लांब, खिडकी-दार उघडं ठेवून, टेकपुरता. माडीवर एका वेळी माणसं किती चालतील हे मालकांना विचारा आणि त्याच्या निम्मी चढवा. मॉनिटर, मेकअप आणि खुर्च्या खाली चौकात.

परवानग्या. राज्य पातळीवर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी आहे, तिथून अर्ज करा. पण त्या कागदाने गावातलं दार आपोआप उघडत नाही. वाईसाठी नगरपरिषद आणि पोलीस ठाणे, देवळासाठी विश्वस्त, मेणवलीला ग्रामपंचायत, वाडा खासगी असल्याने त्याचे मालक, पाण्यात उतरायचं तर पाटबंधारे. एखादी वास्तू संरक्षित स्मारक आहे का, हे तपासून घ्या. केंद्राची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याची असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, आणि तिथे वेळ लागतो. प्रत्येक पत्रात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि दृश्याचं एका ओळीचं वर्णन लिहा. वर्णनात "मारामारी" लपवून "कौटुंबिक दृश्य" लिहिलं की देवळासमोर पहिली काठी उगारताच काम थांबतं, आणि थांबवणारे बरोबर असतात. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर नोंदणी क्रमांक आणि परवानाधारक पायलट हवा, ग्रीन झोनमध्येही (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) उंची १२० मीटरपर्यंतच. बैल, घोडा काहीही असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी. "नंतर बघू" म्हटलं की ते दृश्य अडकतं. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तास आणि सलग तीन तासांच्या वर नाही. मिळकतीचा किमान पाचवा भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. पाच तासांत प्रवास आणि मेकअप खाऊन कॅमेऱ्यासमोर तीनच उरतात, शेड्यूल तसंच लावा.

पैसे सांडतात ते लोकेशनच्या भाड्यात नाही. सांडतात ते "अजून अर्धा तास" मध्ये. घाट सकाळी स्नानाचा, नंतर धुण्याचा, संध्याकाळी आरतीचा. करार दिवसाचा असला तरी मोकळा घाट साधारण साडेआठ ते बारा आणि तीन ते सहा एवढाच धरा. आरतीच्या वेळी कॅमेरा बंद, हे आधीच मान्य करून टाकलं की बाकीच्या वेळी गाव फार सांभाळून घेतं. वाईकरांना शूटिंगचं अप्रूप उरलेलं नाही. कुणी बघायला जमत नाही ही सोय, पण दरही त्यांना पाठ आहेत ही दुसरी बाजू. प्रत्येक आळीत वेगळ्या माणसाशी बोलणी करण्यापेक्षा एक स्थानिक समन्वयक धरा आणि सगळे व्यवहार पावतीने करा. पाणी माणशी चार लिटर, म्हणजे वीस लिटरचे बारा जार रोज. घाटावर स्वच्छतागृह जवळ असेलच असं नाही, बायकांसाठी घाटालगतच्या घरातली एक खोली चार दिवस भाड्याने घ्या, तिथेच मेकअपही होतो.

थर्मोकोलचे रिफ्लेक्टर घाटावर आणू नका. वाऱ्याने कडा मोडतात, पांढरे दाणे पाण्यात जातात आणि पुढच्या वाइडमध्ये तरंगत परत येतात. कापडी फ्रेम घ्या. पॅकअपनंतर दोन माणसं पायऱ्यांच्या फटींतून टेपचे तुकडे, बॅटरीचे कागद आणि पाचरी वेचायला मागे ठेवा, आणि स्वच्छ घाटाचा फोटो त्याच पहिल्या दिवशीच्या जागेवरून काढा. अनामत परत मागताना तोच दाखवायचा असतो.